पपनसाचं पथ्य

क्वा बोंगचीच्या आधी तिच्या आईला चार मुलीच झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच, हे कळल्यावर बापाने नोंदणी कचेरीत जाऊन नाव लिहून दिलं, ‘बोंगची’. म्हणजे, आलीच आहे तर वाढवू कशीतरी. दक्षिण तैवानातल्या मादौ गावच्या त्या पिढीत अशा बोंगच्या गल्लोगल्ली होत्या, आपल्याकडे नकुशा असायच्या तशा. बहुतेकींनी पुढे तैनान शहरात जाऊन नावं बदलून घेतली. हिने बदललं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “कशीतरी वाढवलेली पोर सत्तरी गाठून बसली आहे. नाव लाभलेलं दिसतंय, कशाला हात लावा.”

मादौत पपनसाच्या बागा जितक्या, त्याहून पपनसावर अधिकाराने बोलणारे जास्त. पण भाद्रपदाच्या सुमाराला, तोडणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत, सगळे गप्प बसत आणि बोंगची बोलत असे. बागायतदार आपापल्या झाडांची दोन-दोन फळं घेऊन तिच्या ओट्यावर येत. ती फळ सोलायची, एक फोड जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, “सहा दिवस थांब.” किंवा, “उद्या सकाळी तोड, परवा उशीर होईल.” एकदा तिने एकाला सांगितलं होतं, “तुझ्या विहिरीच्या बाजूच्या झाडाला पाणी जास्त होतंय, आणि तुझी बायको माहेरी गेली आहे.” पाण्याचं फळावरून कळलं होतं. बायकोचं, तो बिनइस्त्रीचा शर्ट घालून आला होता त्यावरून. पण गावाने दोन्ही तिच्या जिभेच्या खात्यावर लिहिलं.

सत्तरी गाठली त्या वर्षी फेब्रुवारीत तिचा गुडघा बदलायचा ठरला. शस्त्रक्रियेआधी छातीचा फोटो काढतात तसा काढला, आणि गुडघ्याची गोष्ट तिथेच थांबली. फुप्फुसात गाठ होती, शिवाय दुसऱ्या बाजूलाही बारीक ठिपके. बोंगचीने जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. नवरा ह्वेबोक सुपारी चघळायचा, पण ओढत तोही नव्हता.

“मग मला का?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“आमच्याकडे तुमच्यासारख्या बायका पुष्कळ येतात,” डॉक्टर म्हणाले. “कधीच न ओढलेल्या. तुमच्या गाठीच्या पेशींमध्ये एक बटण चालू स्थितीत अडकलंय. ते बंद ठेवणारी गोळी आहे. रोज एक.”

“घेतली की जाईल?”

डॉक्टर खोटं बोलणारा माणूस नव्हता. “दबून राहील. पुष्कळदा चांगली दबते. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही.”

बाहेर आल्यावर ह्वेबोक बाकावर बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. बोंगची त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या मांडीवर थाप मारली. “ऊठ. अजून औषधाच्या खिडकीची रांग बाकी आहे. रडायचं तर रांगेत उभा राहून रड, नंबर तरी लागेल.”

खिडकीच्या मागे येन नावाची फार्मासिस्ट होती. तिशीची असेल. तिने दोघांना आतल्या लहान खोलीत बसवलं आणि गोळीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

“आजी, ही गोळी तोंडाने घ्यायची म्हणून साधी समजू नका,” येन म्हणाली. “सुईने देतात त्या औषधाइतकीच हिची शिस्त आहे. रोज एकाच वेळी. पोट रिकामं पाहिजे. म्हणजे जेवणाच्या एक तास आधी, नाहीतर दोन तास नंतर. सोबत साधं पाणी. अख्खी गिळायची.”

“मोठी आहे,” ह्वेबोक गोळीकडे बघत म्हणाला. “मी खलबत्त्यात ठेचून मधातून देईन.”

“ठेचायची नाही, चावायची नाही. आणि आजोबा, तुम्ही तर ती उघड्या हाताने धरायचीही नाही. हे औषध आजींसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. नातवंडं येतात का घरी?”

“सुट्टीत.”

“मग त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, तिच्या स्वतःच्या पाकिटातच ठेवायची.” मग तिने बाकीचं सांगितलं. चेहऱ्यावर पुरळ येईल, जुलाब होतील, नखांच्या कडा दुखतील, तोंड येईल. बऱ्याच जणांना येतं, त्यावर उपाय आहेत, पण लपवायचं नाही. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जावं लागलं तर फोन. आणि खोकला अचानक वाढला, दम लागला, ताप आला, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना. पित्ताचं औषध, झाडपाला, रेडिओवरची पूड, काहीही मला विचारल्याशिवाय नाही.

रेडिओ म्हटल्यावर ह्वेबोकने खिडकीबाहेर पाहिलं. दुपारभर तो एक केंद्र ऐकायचा, तिथे एक बाई दोन गाण्यांच्या मधे गुडघ्याची, पोटाची आणि मर्दानगीची औषधं विकायची. घरात तिन्ही होती.

“आणि शेवटचं,” येन म्हणाली, “ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. त्यामुळे गोळी शरीरात तुंबते. एक घेतली तरी दीड-दोन घेतल्यासारखं होऊ शकतं.”

ह्वेबोकने खिडकीवरून नजर वळवली. येनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुम्ही कुठल्या?”

“मादौच्या,” बोंगची म्हणाली.

“अरे देवा,” येन हळूच म्हणाली.

मार्चपासून गोळी सुरू झाली. बोंगचीने पहाटे पाचची वेळ ठरवली. सहापर्यंत पोटात काही घालायचं नाही, आणि त्याच तासात ह्वेबोक बाजारातून तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वडीची वाटी आणायचा, वर मांसाचा खिमा आणि लसणाचा रस घातलेली, आणि तिच्यासमोर बसून खायचा.

“परसात जाऊन खा,” ती म्हणायची.

“परसात बदकं मागतात.”

“मग बदकांना दे. त्यांना पथ्य नाही.”

महिन्याभरात पुरळ आलं. नाकावर, गालांवर, कपाळावर, लालभडक, टपोरं. दवाखान्याने मलम दिलं, उन्हात टोपी सांगितली. टोपी घातली तरी गालांचं काय करणार? बाजारात मासेवालीने विचारलंच, “वहिनी, या वयात तारुण्यपिटिका?”

“नवऱ्याने रेडिओवरून औषध मागवलं,” बोंगची म्हणाली. “त्याला काही झालं नाही, मलाच झालं.”

गावात कुणाला आजाराचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक सूप घेऊन आले असते, आवाज खाली करून बोलले असते आणि ओट्यावर येईनासे झाले असते. तिला सूप नको होतं. ओटा हवा होता.

जूनमध्ये वादळाची सूचना आली. पहाटे चारपासून दोघं झाडांना टेकू बांधत होती आणि त्या धांदलीत गोळी राहिली. जेवताना आठवलं. बोंगची दुसऱ्या दिवशी दोन घेणार होती. ह्वेबोकने तिच्या हातून पाकीट काढून घेतलं, हातमोजा घालून, आणि येनला फोन लावून दिला.

“दोन घेऊ नका,” येन म्हणाली. “राहिली ती राहिली, उद्या पाचला नेहमीची एक घ्या. दोन घेतल्याने दुप्पट बऱ्या होणार नाही, दुप्पट वेळा संडासात जाल.”

जुलैच्या तपासणीत गाठ निम्म्याने लहान झालेली दिसली. त्या दिवशी ह्वेबोक देवळात उदबत्ती लावून आला आणि स्वतःच तांदळाची वाटी परसात घेऊन गेला.

मग ऑगस्ट संपत आला आणि पहिला बागायतदार ओट्यावर आला. तेंगहाय. साठीचा, उंच, शंकेखोर, चाळीस वर्षांच्या जुन्या झाडांचा मालक. त्याने दोन फळं पुढे ठेवली आणि हाताची घडी घालून बसला.

बोंगचीने फळ हातात घेऊन वजन जोखलं. अंगठ्याने देठाजवळ दाबलं, बुडाशी दाबलं. सालीवरची छिद्रं निरखली, नखाने थोडी ओरखडून वास घेतला. मग फळ सोलून एक फोड शेजारी बसलेल्या ह्वेबोकच्या तोंडात घातली.

“हे काय?” तेंगहायने विचारलं.

“याला शिकवते आहे. मी काय जन्मभर पुरणार आहे?” ती सहज म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “गोड आहे?”

“आहे.”

“कसं गोड?”

ह्वेबोक विचारात पडला. चाळीस वर्षं सुपारी चघळून त्याच्या जिभेचं जोड्याचं कातडं झालं होतं. “पपनसासारखं,” तो म्हणाला.

“आंबट आधी लागतं की मागून?”

“मधून.”

“कडवट?”

“तू रागावशील म्हणून नाही म्हणतो.”

तेंगहायच्या मिशीखाली हसू हललं. बोंगचीने पुन्हा एकदा साल दाबली. “आठ दिवस,” ती म्हणाली, आणि तो गेला.

दोन आठवडे हेच चाललं. गावाला ही जोडी आवडू लागली. काही लोक तर दोन वेळा आले, फक्त ह्वेबोकचं वर्णन ऐकायला. एका फळाला तो “दुपारी झोप झाल्यासारखं” म्हणाला, आणि ते गावभर झालं. बोंगची हसायची. पण लोक गेले की ओट्यावर पडलेल्या साली गोळा करताना ती एखादी नाकाशी धरून बसायची. ह्वेबोक ते दारातून बघायचा.

अशाच एका संध्याकाळी त्याने त्या साली उचलून आत नेल्या. पांढरा भाग काढला, हिरवी साल बारीक चिरली, साखरेत आणि मधात शिजवली, आणि बरणी भरली. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. येनबाई म्हणाली पपनस खायचं नाही. साल म्हणजे काही फळ नव्हे. शिवाय आई खोकल्याला हेच द्यायची. दुसऱ्या दिवसापासून बोंगचीच्या संध्याकाळच्या आल्याच्या चहात तो दोन चमचे घालू लागला. बोलला काही नाही.

पहिल्या दिवशी ती चहा प्यायली आणि म्हणाली, “आलं जास्त झालंय.” तो मनात हसला. म्हटलं, कळलंय हिला. कळलंय, म्हणूनच गप्प बसून पिते आहे. तिला सुख मिळतंय तर आपण कशाला बोला?

दहाव्या-अकराव्या दिवशी पुरळ छातीपर्यंत उतरलं. डोळ्यांच्या कडा सुजल्या. जुलाब सुरू झाले, दिवसाला सात, मग नऊ. ओट्यावर अजून तीन बागायतदारांची फळं पडून होती, म्हणून तिने फोन करायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी परसातून येताना तिला भोवळ आली आणि ती बदकांच्या पाण्यात बसली. ह्वेबोकने फोन केला. येन म्हणाली, “आजची गोळी घेतली? ठीक. आता दुसरी घेऊ नका, आत्ता निघा. आणि आजोबा, घरात जे जे आजींच्या तोंडात जातं, ते सगळं एका पिशवीत भरून आणा. सगळं म्हणजे सगळं.”

दवाखान्यात सलाइन लागलं. दुपारी येन वर आली आणि पलंगाच्या टेबलावर पिशवी उलटी केली. मलम निघालं, जुलाबाच्या गोळ्या निघाल्या, व्हिटॅमिनची बाटली, वाळलेले मासे, रेडिओवरच्या पोटाच्या पुडीचं डबडं.

“हे कोण घेतं?” येनने डबडं हातात घेतलं.

“मी हिला देतो,” ह्वेबोक खाली मान घालून म्हणाला. “जळजळ होते म्हणून. फक्त रात्री.”

“यात आम्ल मारणारी पूड आहे. याने गोळी अंगी लागत नाही.”

“लागली ना,” बोंगची पलंगावरून म्हणाली. “मी ती पूड बदकांच्या भुश्यात ओतते. एप्रिलपासून. बदकांची जळजळ पूर्ण थांबली आहे.”

ह्वेबोकने बायकोकडे पाहिलं. येनने डबडं बाजूला सारलं आणि बरणी उचलली. झाकण उघडून वास घेतला. तिचा चेहरा बदलला.

“आजोबा, हे काय आहे?”

“साल,” तो म्हणाला. “फळ नाही. तुम्ही फळ म्हणाला होता.”

“सालीत तर तेच सगळं असतं, काही बाबतीत जास्तच. किती दिवस?”

“बारा. चहातून. पण तिला माहीत होतं.” तो बायकोकडे वळला. “तुला कळलं होतं ना? मला वाटलं, कळून मुकाट पितेस.”

बोंगचीने हात पुढे केला. येन घुटमळली, मग म्हणाली, “फक्त वास.” बोंगचीने बरणी नाकाशी धरली. मग खाली ठेवली. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या हाताने सोललेलं पपनस बारा दिवस तिच्या जिभेवरून गेलं होतं आणि तिला आलं लागलं होतं.

“वास येतो,” ती म्हणाली. “चव नाही आली. मला वाटत होतं तोंड आलंय म्हणून जेवण मचूळ लागतं. म्हटलं, पपनस समोर आलं की कळेल. म्हटलं, खात नाही म्हणून, नाहीतर कळेलच.”

ह्वेबोक उठला, टोपी हातात फिरवत उभा राहिला, पुन्हा बसला. येन पलंगाच्या कडेवर टेकली, जे ती एरवी करत नसावी.

“मला का नाही सांगितलं?” तिने विचारलं.

“तू पुरळाचं विचारलंस, जुलाबाचं विचारलंस, नखांचं विचारलंस. जिभेचं विचारलं नाहीस.”

“चुकलं माझं,” येन म्हणाली. “मी विचारायला हवं होतं. चव जाते काही जणांची. काहींची परत येते, काहींची थोडी येते. नक्की सांगत नाही.” तिने वहीत लिहून घेतलं. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली आणि नंतर कमी ताकदीची सुरू करायची ठरवली. ही त्यांची रोजची रीत होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं येनने दोनदा सांगितलं, एकदा बोंगचीला आणि एकदा ह्वेबोकला, कारण तो ऐकण्याच्या अवस्थेत नव्हता.

“मी तुला मारलं असतं,” तो परतीच्या बसमध्ये म्हणाला.

“दोन चमच्यांनी?” बोंगची खिडकीतून बघत होती. “इतकी वर्षं तुझ्या हातचं जेवले, तेव्हा नाही मेले.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “बरी झाली होती का रे?”

“काय?”

“साल. गोडी बसली होती का?”

“मला काय कळतंय,” ह्वेबोक म्हणाला, आणि त्याला हसू आणि रडू एकदम आलं.

दुसऱ्या दिवशी तिने तेंगहायला निरोप धाडून सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. नऊ बागायतदार आले. तिने खुर्ची घेतली आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. फुप्फुसाचा कर्करोग आहे, रोज गोळी घेते, गाठ लहान होते आहे, पपनस मला बंद आहे, आणि माझी जीभ गेलेली आहे. यंदाचे सगळे दिवस मी अंगठ्याने आणि नाकाने सांगितले. याची जीभ तर तुम्हाला माहीतच आहे.

कुणीतरी खाकरलं. मागच्या रांगेतली एक बागायतदारीण, लो वहिनी, म्हणाली, “माझी दोन दिवस उशिरा तुटली. आतून कोरडी निघाली.”

“ती चूक माझी,” बोंगची म्हणाली. “जाड सालीने फसवलं. पूर्वी जिभेवर ठेवलं असतं तर फसले नसते. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे गेलात तर मला राग नाही.”

सगळे तेंगहायकडे बघू लागले, कारण सगळ्यात शंकेखोर तोच होता. त्याने हाताची घडी सोडली. “माझी आठव्या दिवशी तुटली. यंदासारखं फळ दहा वर्षांत नाही,” तो म्हणाला. “पण मला एक सांगा वहिनी. या ह्वेबोकच्या ‘मधून आंबट’वर तुम्ही काही ठरवलंत का?”

“अजिबात नाही.”

“मग ठीक आहे,” तेंगहाय म्हणाला, आणि ओट्यावर पहिल्यांदा मोकळं हसू झालं. ह्वेबोक सगळ्यात मोठ्याने हसला. लो वहिनी मात्र हसली नाही. पुढच्या वर्षी ती खरंच साखर मोजायचं यंत्र घेऊन आली, पण ते घेऊन बोंगचीच्याच ओट्यावर आली. यंत्र आकडा सांगायचं आणि बोंगची अंगठ्याने दाबून आकड्याशी भांडायची. कधी यंत्र जिंकायचं.

सूप आलं, तिला भीती होती तसं. आवाज खाली करून बोलणारेही आले. त्यांना ती म्हणायची, “फुप्फुसाला झालंय, कानाला नाही. मोठ्याने बोला.”

कमी ताकदीच्या गोळीवर पुरळ बरंच उतरलं. गाठ आणखी लहान झाली नाही, वाढलीही नाही. दर तीन महिन्यांनी फोटो, दर महिन्याला येन. त्या दिवसापासून येनच्या प्रश्नांच्या कागदावर ‘चव’ नावाची एक ओळ आली, आणि ती फक्त बोंगचीसाठी नव्हती. थंडी सरता सरता बोंगचीला मीठ नीट लागू लागलं. उन्हाळ्यात गोड थोडं परतलं. कडू अजून नाही. “कडू गेलं त्याचं काही नाही,” ती म्हणते. “ते जन्माचं खाऊन झालंय.”

मागच्या महिन्यात येनने तिला खिडकीशी थांबवून एका बाईशेजारी बसवलं. पन्नाशीची, कोळंबीच्या तळ्यांवर काम करणारी, हातात नुकतंच मिळालेलं पाकीट. बाई पाकिटाकडे बघतच नव्हती.

“घाबरलीस?” बोंगचीने विचारलं.

“किती वर्षं घेताय मावशी?”

“तिसरं चालू आहे. उपाशीपोटी घे, अख्खी गिळ, चुकली तर चुकली, आणि नवऱ्याला हातमोजे आणून दे. नवरा आहे?”

“आहे.”

“चहा तोच करतो?”

बाईला काही उमगलं नाही, तरी ती पहिल्यांदा हसली. बोंगचीने तिचं पाकीट स्वतः हातात न घेता तिच्याच हाताने उलटं करायला लावलं आणि मागचा फोन नंबर दाखवला. “हा चुलीवरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही. लाज वाटेल तेव्हा आधी हा लाव. मी तीन दिवस थांबले आणि बदकांच्या पाण्यात बसले.” मग तिच्या बसची वेळ झाली, आणि गुडघा सांभाळत, कुरकुर करत, ती जिना उतरून गेली.